रिकाम्या मशीनचा आवाज

बाळकुम, रविवार, मिसा आटोपून

प्रिय सुधीरभाऊ,

अँब्रोजचा आणि घरच्या सगळ्यांचा नमस्कार घ्या. गुडघा काय म्हणतो? मंदाकिनीवहिनींची लोणच्याची बरणी धुऊन ठेवलीय. रिकामी परत करायची आमच्यात रीत नाही, आणि तुमच्यात बोंबील चालत नाहीत, त्यामुळे बरणी अडकलीय.

मानपाड्याच्या त्या बेअरिंग कंपनीचा शेअर कटिंग चहापेक्षा स्वस्त झाला, म्हणून ग्रॅच्युइटी त्यात घालणार असं तुम्ही परवा म्हणालात. म्हणून हे पत्र (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही). मी तो घेतलेला तेव्हा तुम्ही हसलेलात, कारण ताळेबंद न बघता मी कारखान्याच्या भिंतीला कान लावून आलेलो. पण मोटारी वाइंडिंग करण्यात आयुष्य गेलं माझं. मशीनमध्ये माल असला की आवाज जड येतो, भरल्या तोंडाने बोलणाऱ्या माणसासारखा. तेव्हा तसाच येत होता.

मग भाव पडतच राहिला, म्हणून गुरुवारी भर दुपारी पुन्हा गेलो. सगळी मशीनं चालू, पण गेटपासूनच मला आवाज हलका लागला. आत गेलो तर एकाही मशीनच्या पोटात काही नाही, समोर माणूस नाही. दातावर दात नुसते घासत होते. ट्यूबलाइटी लख्ख, गणपतीच्या तसबिरीला ताजा हार. सुदेश नावाचा वॉचमन तेवढा डबा खात बसलेला. मशीनं कोणासाठी चालू, असं विचारलं, तर बंद करायची नाहीत एवढंच त्याला सांगितलेलं.

"मालक रोज वाढतायत म्हणे, काका," तो म्हणाला. "बघायला कोणी येत नाही. तुम्हीच पहिले."

मी रिक्षा स्टँडपर्यंत आलो तरी आवाज मागे राहीना.

कंपनीने एक्सचेंजला दिलेली सूचना आमच्या मेलिसाने वाचून सांगितली. कर्ज परदेशी सावकाराचं. त्याला पैसे परत नकोत, त्याबदल्यात शेअर हवेत, तेही त्या दिवशीच्या भावाहून स्वस्तात. घेतो आणि लगेच विकतो. त्याने भाव पडला, की उरलेल्या कर्जापोटी त्याला आणखी जास्त शेअर मिळतात. तेही विकतो, म्हणून सुदेशचे मालक रोज वाढतात. (आमच्या लग्नात पाहुणे वाढले की रश्श्यात पाणी वाढतं. तुमची वाटी तेवढीच, चव गेलेली.) म्हणजे भाऊ, हा शेअर स्वस्त झालेला नाही, पातळ झालाय. आणि सावकार कंपनीला बरी होऊ देत नाही, मरूही देत नाही. मेलीच, तर नवे शेअर कुठून येणार?

तेव्हापासून घरातला पंखासुद्धा मला हलका ऐकू येतो.

वहिनींना नमस्कार, शौनकला आशीर्वाद.

तुमचा
अँब्रोज

ता. क. इतकं सांगूनही घ्यायचे ठरलेच, तर आदल्या दिवशी कळवा. माझे मी रोज विकायला लावतो, गिऱ्हाईक येत नाही. परक्यापेक्षा ओळखीचं बरं.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी पत्र ॲडेलिनला मोठ्याने वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "वरचं ठीक होतं. ते ता. क. वाचताना तुझा आवाज हलका आला."

कान माझे तिखट, पण हे मला ऐकू आलं नव्हतं. पुन्हा वाचलं. आला खरा. खोडत नाही, तुम्हालाही ऐकू यावा म्हणून ठेवलाय.

घेऊ नका, सुधीरभाऊ.