चौथ्या रॉडचं वजन

बाबा, आज दुपारी वजन करायला बसले आणि हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे गेला. तुमचा नियमच तसा होता. इंजिनाचा कनेक्टिंग रॉड काट्यावर चढला की पंखा बंद, शटर अर्धं खाली, बोलणं बंद. सौंसरच्या उन्हाळ्यात घामाच्या धारा लागायच्या, आणि मी जरा वाकून बघितलं की तुम्ही म्हणायचात, "मांगं सरक वं. तुह्या श्वासानं काटा हालून राहिला." मी रुसायचे. मग रामाकोन्याच्या कुणी गिऱ्हाइकानं आणून दिलेलं संत्रं सोलून तुम्ही अर्धं माझ्या हातात ठेवायचात, ऑइलच्या वासासकट. आज मागे सरक म्हणायला कोणी नव्हतं, तरी मी उगाच श्वास धरून बसले.

पहिल्यांदा कानस हातात घेतली तो दिवस आठवतो. मला जड वाटला तो रॉड मी मोठ्या उत्साहानं घासायला घेतला आहे, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोरच माझ्या हातातून कानस काढून घेता. "काय करून राहिली? पयले चारी मोज. सगळ्यात हलका कोणता ते पाह्य. त्याले हात लावाचा नाही. बाकीच्याइले घासून त्याच्याबरोबर आन." मी विचारलं, हलक्यालाच थोडं वजन का जोडत नाही? "जोडता येत नाही, बाई. कमीच करता येते." शर्यतीचं इंजिन जोरात फिरतं तेव्हा एका रॉडचा चिमूटभर जडपणाही सगळ्या इंजिनाला हादरवतो, हे तुम्ही नंतर चहा पिता पिता समजावलं. पण माझा चहा तोवर निवला होता आणि मी तो रागानं प्यायलेच नाही.

तुमचं शेवटचं इंजिन आपल्याच जीपचं होतं, चिखलातल्या शर्यतीसाठी. तुम्ही चालवणार होतात आणि मी शेजारी बसणार होते. तुम्ही अचानक गेलात तेव्हा बाकावर चार रॉड होते, तीन घासून चकचकीत केलेले आणि चौथा काळाच, कानस न लागलेला. चारही मी ऑइलच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. तेव्हापासून वर्कशॉप मीच चालवते. लोकांची इंजिनं बांधते, वजनं जुळवते, पण ती पेटी कधी उघडली नाही. तुमचं काम एका रॉडवर थांबलंय आणि तो माझ्यासाठी राहिलाय, असं मी मनाशी धरलं होतं. आईही गेली. घरी जाऊन कुलूप उघडायचं, एकटीपुरता भात टाकायचा. तेव्हा आपल्या दोघांचं एक काम अजून बाकी आहे, याचा मला फार आधार होता.

मागच्या आठवड्यात पांढुर्ण्याचा एक पोरगा आला. संत्र्याचा व्यापार करतो, आणि शर्यतीत उतरायचं डोक्यात घेतलंय. इंजिन आपल्या जीपसारखंच, रॉड वाकलेले, बाजारात चांगले मिळेनात. "ताई, कुठूनही करून द्या नं," म्हणाला, आणि माझ्याकडे एक सेट आहे हे माझ्या तोंडून निघून गेलं.

म्हणून आज पेटी उघडली. चौथा घासायचा म्हणून कानस, पॉलिश पेपर, सगळं मांडून बसले. आधी तुमचे तीन मोजले. अगदी एकसारखे. मग चौथा ठेवला, आणि काटा तिथेच येऊन थांबला. रॉडच्या दोन्ही टोकांचं वजनही जुळावं लागतं, म्हणून मोठं टोक वेगळं मोजलं, लहान टोक वेगळं मोजलं. तरी तेच.

सगळ्यात हलका तोच होता, बाबा. म्हणून तुम्ही त्याला हात लावला नव्हता. बाकीचे तीन त्याच्याबरोबर आणून, काम पुरं करून तुम्ही गेला होतात. तुमचा नियम मी रोज पाळते, आणि या एका रॉडला तो लावून बघावा हे मला इतकी वर्षं सुचलंच नाही. सुचू दिलं नाही म्हणा. तुमचं काम अर्धवट राहिलं नव्हतं, याचा आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तिथेच स्टुलावर बसून रडले, कारण माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं.

हे लिहून पेटीतच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? संध्याकाळी त्या पोराचा फोन आला होता. "झाले काय रॉड, ताई?"

मी म्हटलं, "तीन झाले, भाऊ. चौथा बाकी हाये."