माझ्या नावाचं कार्ड

नाना, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा राग उतरलेला नाही. गेलेल्या बापाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती, मग बोलायचं तरी कधी?

महिन्यातून एकदा धुळ्याहून जीप दोंडाईच्यात यायची आणि शाळेत मनाच्या आजारांचं शिबिर भरायचं. म्हातारे, बाळंतिणी, फिट येणारी पोरं, बुरख्यातल्या बाया, सगळे एका रांगेत. अक्काला तेव्हा नसलेले आवाज ऐकू यायचे, ती दिवसदिवस भिंतीशी बोलायची. पण अक्का लग्नाची. रांगेत कोणी पाहिलं तर स्थळ मिळणार नाही, म्हणून तुम्ही मला नेलंत. पाचवीतल्या पोरीला! सायकलच्या दांडीवर बसवून वाटभर पढवलंत, "सांग, माले आवाज ऐकू येतस, माले झोप येत नही. अक्कानं नाव काढू नको." अक्काचं नाव कुठे निघालं नाही, कार्ड माझ्या नावाचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी माझं वजन केलं आणि त्या मानाने गोळ्या दिल्या. त्या खायची अक्का. वीस वर्षांची बाई लेकराच्या गोळ्यांवर! तिला जरा झोप लागायला लागली, तेवढ्यावर "बरी शे आते" म्हणत तुम्ही तिला नशिराबादला उजवून टाकलीत. गोळ्या तिथे कोण देणार? सहा महिन्यांत त्यांनी तिला एसटीत बसवून परत पाठवलं, कपाळावर खोक घेऊन. तुम्ही म्हणालात, "तिनं नशीब." तिचं नशीब कसलं, नाना? तुमची अब्रू होती ती.

आता अक्का माझ्याकडे असते. तिच्या स्वतःच्या कार्डावर, पुऱ्या गोळ्या घेते. भाजी निवडते, माझ्याशी कडाकडा भांडते. ही बाई तेव्हाच उभी राहिली असती. तुम्हाला मी माफ करणार नाही.

एक मात्र राहिलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बाहेर बसवलं आणि मला जवळ घेऊन विचारलं, "खरं सांग बेटा, हे तुलाच होतं, की घरात दुसऱ्या कोणाला?" मी म्हटलं, "मलाच." तुमच्या धाकाने म्हटलं, असंच मी आजवर सांगत आले. ते खोटं आहे. महिन्यातला तो एक दिवस तुम्ही मला दांडीवर बसवायचात, येताना गरम भजी घेऊन द्यायचात, माझ्याशी बोलायचात. मला तो दिवस हवा होता.

अक्का हल्ली हाती लागेल ते वाचते. म्हणून हे पत्र मी कपाटात, कुलपात ठेवते आहे.