तिसरं परमिट

फुनाबोरी, तोक्यो
२९ मे २०१९

प्रिय विभा,

सप्रेम नमस्कार, आणि डेललाही सांग.

रोज मेसेज करणारी वहिनी आज टपालाने कशी काय आली, असं म्हणशील. कारण पुढे येईलच. आमच्या या घराच्या भिंती किती पातळ आहेत हे तुला ठाऊक आहे, आणि बाबांचे कान अजून तिखट आहेत. फोनवर बोलणं शक्य नव्हतं, आणि मेसेजमध्ये हे मावलं नसतं.

आधी तुमच्याकडच्या ॲरिझोनाच्या ट्रिपचं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा नक्की. सुशांतची रजा मंजूर झाली, माझीही होईल. तंबू तुम्ही आणताय, आम्ही झोपायच्या पिशव्या इथूनच आणतो, इथे त्या अगदी हलक्या मिळतात. परमिटचं मात्र मला नीट कळलं नव्हतं. म्हणजे राज्याचं लायसन्स तिथे चालत नाही, डेलच्या जमातीच्या ऑफिसातून मासेमारीचं वेगळं आणि तंबू ठोकायचं वेगळं घ्यायचं, बरोबर ना? जमीन त्यांची, नदी त्यांची, तेव्हा विचारून जायचं हे मला आवडलं.

तुझ्या सासूबाई माशाला हात लावत नाहीत, घरातली जुनी माणसं कुणीच खात नाहीत, हे तू गेल्या महिन्यात मेसेजमध्ये लिहिलंस ते सुशांतला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा घास तोंडातच राहिला. 'घरामागे ट्राउटने भरलेली नदी, आणि खात नाहीत?' वेंगुर्ल्याच्या माणसाला हे पचणं कठीण. त्यात डेल लोकांना मासे धरायला शिकवतो आणि स्वतः धरलेला परत सोडून देतो, हे ऐकून तर त्याने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, बघ, जगात शहाणी माणसं असतात.

हे सगळं बोलणं चाललं तेव्हा बाबा आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं होतं. तुझं शेवटचं वाक्यही मी वाचलं होतं गं, त्याच आवाजात. 'परमिटं तुम्हा दोघांचीच काढतेय. तिसरं नाव मी घालणार नाही.' वाचून झाल्यावर मला कळलं की काय वाचलं.  संध्याकाळी नेहमीसारखे बाहेर येऊन बाबांनी कचरा वेगवेगळा केला, बाटल्यांची झाकणं काढली, आणि सुशांतला म्हणाले, ॲरिझोना म्हटलं की नुसतं वाळवंट नाही रे, वरच्या भागात पाइनची दाट जंगलं आहेत. भूगोलाचे मास्तर ते. विषय तिथेच संपला.

आता शनिवारचं सांगते. त्यासाठीच हे पत्र आहे. 

तुमच्यासमोर फजिती नको म्हणून मी ठरवलं, गळ कसा टाकतात ते आधी शिकून घ्यावं. इथे त्सुरिबोरी असतात. म्हणजे गावातच एक तळं, तासाचे पैसे भरायचे, काठी आणि आमिष ते देतात, उलट्या क्रेटवर बसून मासे धरायचे आणि परत पाण्यात सोडायचे. सुशांतला न सांगता गेले. बाबा शनिवारी वाचनालयात जातात, त्यामुळे घरी विचारणारं कोणी नव्हतं.

आत शिरले तर समोरच्या काठावर म्हाताऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत, निळी टोपी घातलेले, हातात काठी धरलेले आपले बाबा! मी तिथेच थिजले. शेजारचा आजोबा त्यांना 'भानु-सान, भानु-सान' करत होता. मंडईत पापलेटचे कल्ले उघडून कोळणीशी वाद घालणारा हा माणूस. जन्मात कधी गळाला हात लावला नसेल. त्यांना मासा लागला, चांगला मोठा कार्प, आणि त्यांनी हात ओला करून त्याला धरलं, गळ अलगद सोडवला आणि पाण्यात ठेवला. मासा जाईपर्यंत वाकून बघत राहिले.

मग मी दिसले. 'अगो, तू हंय कशी?'

'मी शिकायला आले. तुम्ही?'

चोरी सापडलेल्या पोरासारखे हसले. 'मीही शिकायलाच. तुझं ते पत्रातलं ऐकलं त्याच्या पुढच्या शनिवारपासून येतो.'

'पण बाबा, तिसरं नाव तर ती...'

'माहीत आहे गो. पण समजा, ऐनवेळी बोलावलं तर? तिथे जाऊन कुठे शिकणार? जावयासमोर हसं व्हायचं.'

विभा, मी त्यांच्या शेजारच्या क्रेटवर बसले.  उगाच आमिष कसं लावायचं ते विचारलं, आणि ते मन लावून दाखवायला लागले.

तेवढ्यात सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळले. तो आवाज तू ऐकलेला नाहीस, देव करो आणि ऐकायला न लागो. 'जिशिन देस, जिशिन देस.' भूकंप, भूकंप. मग हललंच. पाणी काठावरून उसळून आमच्या पायांवर आलं, वरची दिव्यांची माळ कडाकडा आपटायला लागली. जपानी आजोबांनी शांतपणे काठ्या खाली ठेवल्या. बाबांनी मात्र माझं मनगट असं पकडलं की अजून वळ आहे. आणि आईंना हाक मारत ओरडले, 'लीला, परत लाव! परत लाव फोन!'

थांबलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं, मशीनमधून गरम चहाचा डबा आणून दिला. डबा हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. मग त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी तुला त्यांच्याच शब्दांत लिहितेय, कारण माझ्या शब्दांवर तू विश्वास ठेवणार नाहीस. मीही ठेवला नसता.

'त्सुनामीच्या त्या मार्चमध्ये टीव्हीवर समुद्र गावात शिरताना दिसत होता आणि सुशांतचा फोन लागत नव्हता. तो रात्रभर ऑफिसातून चालत घरी जात होता, पण आम्हाला काय ठाऊक? लीला फोनपाशीच बसून. सकाळी त्याचा आवाज आला तोवर ही बाई पार बदलली होती. पोरं लांब गेली की हातची जातात, एवढं एकच घेऊन बसली. विभाने लग्नाचं सांगितलं त्या दिवशी म्हणाली, ती तिकडची झाली तर माझं तिचं संपलं. मी नाही यायची. नाव काढू नका. आणि वर म्हणे, जिथे मासेसुद्धा खात नाहीत तिथे माझी पोर जगणार कशावर? माशांचं निमित्त होतं गो. ती घाबरली होती.'

मी म्हटलं, 'पण बाबा, फोनवर तर तुम्ही...'

'हो, मीच बोललो. मी येणार नाही आणि तुझ्या आईलाही पाठवणार नाही. बाप नाही म्हणाला तर पोरी सोसतात. आई नको म्हणाली, हे कसं ऐकवायचं? वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत लीला निवळेल, मग मीच नमलो असं दाखवून दोघं जाऊ. निवळली, पण उशिरा. तेव्हा ती विमानात बसण्यासारखी राहिली नव्हती.'

विभा, आईंच्या दहाव्याला मी तिथेच होते, चहाचे कप घेऊन. तू सगळ्यांदेखत त्यांना म्हणालीस, 'तुमच्यामुळे माझ्या आईला माझं लग्न बघता आलं नाही.' आणि हा माणूस मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मला ते दृश्य गेले चार दिवस डोळ्यांसमोरून हलत नाहीये. भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, ट्रेनमध्ये, कुठेही. मला प्रचंड राग येतोय आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. आईंवर काढवत नाही. मला त्यांनी लेकीसारखं वागवलं.

मी त्यांना म्हटलं, आज विभाला फोन करते. तर उठून उभेच राहिले. 'शपथ आहे तुला. आईवर रागावून पोर कुठे जाईल? भांडायला, जाब विचारायला आई उरलीय का? माझ्यावर रागावली तर मी आहे ना, जिवंत.'

मी शपथ घेतली नाही. मान हलवली फक्त, आणि ती कशी हलवली ते त्यांना दिसलं नसावं असं मी धरून चालते.

तू आता कुणावर रागवायचं, कुणाला माफ करायचं, हे मी सांगणार नाही. तो तुझा हक्क आहे. मला एवढंच ठाऊक आहे की दर शनिवारी एक म्हातारा माणूस, न आलेल्या बोलावण्यासाठी, मासे धरून सोडून द्यायला शिकतोय. आणि बरं जमतंय त्याला.

विभा, परमिटं तीन काढ.

तुझ्याशी कधी खोटं न बोललेली, आणि आज खरं सांगून घाबरलेली,
तुझी वहिनी
अश्लेषा

ता. क. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. बाबा बूट घालून दारात उभे आहेत, पोस्टात तेच टाकणार म्हणतात, फिरणं होतं. वरचा पत्ता बघितला त्यांनी. म्हणाले, 'माझ्याकडून काही लिहू नकोस, तिला आवडणार नाही. तुझ्याच नावाने विचार, तिथे ऑक्टोबरात रात्री थंडी किती पडते.' मी म्हटलं, विचारते.