तिसरा फोन

नागपूर, मंगळवार

माय,

इथूनच तुझ्या पाया पडते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहून राहिली. रंजू वहिनीकडून वाचून घे.

मी बरी आहे. मेसचं जेवण आता पचते. कॉलेज सुटलं की प्रचाराच्या ऑफिसात बसून आपल्या पवनीकडच्या मतदारांले फोन लावते. पैसे नाही घेत. आपली बोली ऐकून लोक फोन ठेवत नाहीत, "कोणाची वं तू?" विचारतात. आसगावच्या श्यामलाल मच्छीवाल्याची म्हटलं की मताचं राहूनच जाते. काल कोंढ्याची एक म्हातारी म्हणाली, "तुझा बाप मच्छी तोलून झाली का वरून मूठभर झिंगे टाके." ती रडली. मी नाही रडली.

आज यादीत बाबांचं नाव आलं. समोर त्यायचाच नंबर. गेलेल्या माणसापुढं 'मयत' लिहायचं असते, पण घरच्यानं सांगितल्यावरच. मी दोनदा लावला. वाजत राहिला. म्हणजे तू त्यायचा फोन अजून चार्ज करून ठेवतेस.

बाबा गेल्याची तळ्यावरची ती बातमी फोनवरच आली होती, म्हणून तू उचलत नाहीस, मले समजते. जेवतेस ना? बाबांचं जाळं कोणाले देऊ नको.

इथं तीनदा लावायचा नियम आहे, मग नाव सोडून द्यायचं. शनिवारी चार वाजता तिसरा लावीन. उचल. मत नाही मागत, 'मयत' पण नाही लिहीत. नुसतं "कोणाची वं तू?" म्हण.

तुमची दोघांची,
रीना