आप्पामामांच्या मोटारीचे नाक

बेळगाव, आश्विन वद्य पंचमी, सन १९३८

तीर्थस्वरूप आप्पामामांच्या चरणी उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. आपण सर्व गुंजीस खुशाल असालच. इकडे तुमची मोटार आता ठणठणीत आहे. (आई व मीही बरे आहोत, पण तुम्ही पहिली चौकशी मोटारीचीच कराल हे ठाऊक असल्याने तो क्रम धरला.)

मला मुलगी पाहायला जाण्यासाठी तुम्ही मोटार दिलीत, सोबत ड्रायव्हर भरमा दिलात आणि सूचनांचा एक कागदही. एंजिनाला हवा गाळून देणारी जी जाळी असते, ती धुळीच्या रस्त्यावर वरचेवर काढून पेट्रोलने धुवावी, तेलात बुडवून निथळवावी. गाडी चढाला दम टाकू लागली, काळा धूर सोडू लागली, पेट्रोल जास्त पिऊ लागली, तर जाळी चोंदली समजावे आणि धुऊनही भागले नाही तर सरळ नवी बसवावी, असे त्यात होते. कागद मी तीनदा वाचला. वकील माणूस, कागद वाचला की काम झालेसे वाटते. काकतीच्या चढाला गाडी धापा टाकू लागली तेव्हा भरमा म्हणाला, दमलीया बिचारी, चार दिस इसावा द्या. आम्ही दिला. तेवढ्यात खंडेनवमी आली.

शस्त्रपूजेला आमच्या घरी शस्त्र म्हणाल तर विळी, अडकित्ता आणि माझे फौजदारी कायद्याचे पुस्तक. यंदा मोटार होती, त्यामुळे आईच्या (म्हणजे तुमच्याच धाकट्या बहिणीच्या, हे विसरू नये) भक्तीला उधाण आले. वरवरच्या पत्र्याची पूजा कसली करायची, मुख्य जीव आत आहे, असे म्हणून तिने भरमाकडून झाकण उघडवले, आणि खंडोबाचे नाव घेऊन ओंजळभर भंडारा थेट जाळीवर उधळला. जाळी तेलकट होती. हळदीचा जो लेप बसला तो लग्नातल्या नवऱ्यालाही बसत नाही.

मी हातपाय हलवले नाहीत असे नाही. कॅम्पातल्या दुकानातून नवी जाळी आणली. पण पुजलेली वस्तू काढून टाकायची, तीही शुभकार्याला निघताना, हे आईला पटेना. निपाणीहून होकार घेऊन या, मग काय ते बदला, असा निकाल झाला. सबब नवी जाळी नारळ-पेढ्यांबरोबर माझ्या मांडीवर बसून निघाली. तवंदीच्या घाटात गाडीने काळा धूर ओकला आणि बसकण मारली. शेवटी तंबाखूच्या एका गाडीचे बैल सोडून मोटारीला जुंपले. मागे आई बसून बैलांना हळू हाका म्हणून सांगत होती. अशा थाटात आम्ही निपाणीत मुलीच्या दारात उतरलो.

मुलीच्या वडिलांच्या उतारू नेणाऱ्या दोन सर्व्हिस मोटारी आहेत, हे मध्यस्थाने सांगितले होते. मुलगी त्या मोटारींच्या खालीच वाढली, हे नव्हते सांगितले. मी विचारायचे प्रश्न पाठ करत होतो, तोवर त्या मुलीने, पद्मजाने, पदर खोचून झाकण उघडले, वरचा स्क्रू सोडवला, पिवळी जाळी उपसली, खालची बैठक फडक्याने पुसली (कचरा आत पडू नये म्हणून नळीच्या तोंडावर हात धरून), नवी जाळी तेल लावून बसवली आणि स्क्रू आवळला. पहिल्या हँडलला गाडी सुरू. मग तिने हात पुसत मला विचारले,

"नवी जाळी मांडीवर घेऊन आलाय की. मग वाटेत बसवली का न्हाई?"

"आई नको म्हणाली," मी म्हणालो.

मामा, न्यायाधीशासमोर मी पुष्कळदा खटले हरलो आहे, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती हसलीसुद्धा नाही. मला ती फार आवडली, हे आपल्याला सांगायला संकोच कसला.

मोटार लवकरच परत पाठवतो. सर्वांस यथायोग्य.

आपला आज्ञाधारक,
उपेंद्र

ता. क. पत्राचे खरे कारण असे, की काल निपाणीहून निरोप आला. मुलगी नाही म्हणत नाही. मात्र दिवाळीत मुलाने एकदा एकट्याने येऊन बोलावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. तरी भाऊबीजेचे निमित्त करून आईला आठ दिवस गुंजीला बोलावून घ्यावे. माझे नाव मध्ये येऊ देऊ नये.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला आईकडे दिले, तिने पत्र वाचले. ती यायला आनंदाने तयार आहे. मात्र माझे जेवणाचे हाल होतील म्हणून मलाही बरोबर आणते आहे. निपाणीला तसे कळवण्याचे तेवढे आपण करावे.