पायरीवरची मोकळी जागा

नाशिक, पौष, १९३४

चिरंजीव नाथाराव यांस आशीर्वाद.

लिहायला फार उशीर झाला, राग नसावा. तुमचा मुंबईचा पत्ता बदलल्याचं कळलं. नवा कळेपर्यंत हे उशीखाली ठेवतो.

जाताना तुम्ही भिंतीला लावलेलं गंगाघाटाचं चित्र मी रोज पाहतो. काय हात आहे! पायऱ्यांच्या रेघा, देवळाची सावली, धुणं धुणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी, सगळं नजरेला धरून पाण्यालगतच्या एका रिकाम्या पायरीवर नेतं. ओल तर नुसत्या पातळ निळ्याने दाखवली आहे. जन्मभर देवळांच्या भिंती रंगवूनही मला हे जमलं नसतं.

पण आपल्यात चित्रात जागा मोकळी सोडत नाहीत. पोपट, कमळ, काहीतरी भरतात. मोकळी जागा माणूस मागते, असं वडील सांगत.

लंका आता दिवसभर त्या चित्रापुढे बसते. मी म्हटलं, "पोरी, दोन घास खा." ती हसली. "आबा, त्यांनी माझ्यासाठी जागा धरलीय. एवढे चितारी तुम्ही, दिसत नाही?"

काल ती उंबऱ्याबाहेर गेली नाही, तरी लुगड्याचा काठ ओला होता. आज गुडघ्यापर्यंत ओलं आहे.

मी कमळासाठी गुलाबी रंग कालवून ठेवला आहे. पण कमळ काढलं की चित्र मरेल, हे कळतं आणि कुंचला पुढे जात नाही. जावईबापू, चित्र तुमचं, पण लेक माझी आहे. ती जागा बुजवू का, एवढंच लवकर कळवा.

तुमचा सासरा,
बहिरू चितारी