पोरं माझ्याकडे द्या

खराडी, पुणे
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय समाधानदादा,

सप्रेम जयभीम. आईचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचं लोणचं पोचलं. अर्धं ऑफिसातच संपलं. इकडे सगळं ठीक. आमच्या समोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, म्हणजे पुणे जागेवर आहे.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. याला मध्येच तोडता येत नाही.

आमच्या ऑफिसातल्या जयसिंगनं तुला सांगितलं, की कंपनीनं कल्याणीला बाजूला काढलं, आता ती कॉलेजची पोरं सांभाळते. तू म्हणालास, "एवढी वर्षं इंजिनिअर म्हणून घासलीस, आणि शेवटी मास्तरीण झालीस?"

झाले. स्वतः मागून झाले.

आमच्याकडे दवाखान्यांसाठी पंप बनतात, औषध थेंबाथेंबानं शिरेत सोडणारे. त्यांचं डिझाइन माझ्या हाताखाली चालायचं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं तिथे प्रशिक्षणाला येतात. त्यांना कुणी विचारत नाही. चहा सांगून या, झेरॉक्स काढा, आणि शेवटी प्रमाणपत्र घेऊन घरी जा.

त्यातलीच एक अवनी. येरवड्याची, वडील रिक्षा चालवतात. नव्या पंपाची चाचणी करताना तिला दिसलं, की वीज जाऊन पंप बॅटरीवर आला की कधीकधी दिलेला डोस विसरतो आणि तोच पुन्हा द्यायला लागतो. माल पाठवायची घाई चालली होती. तिनं भर बैठकीत हात वर केला. संचालक म्हणाले, "मॅडम, आधी पास तर व्हा." सगळे हसले.

बैठक संपल्यावर मी तिला म्हटलं, "चल, दाखव मला."

तिनं बॅटरीला दोष दिला होता. तपासली, तर बॅटरी उत्तम. पोरगी रडवेली झाली. "सॉरी मॅडम, माझंच चुकलं."

"कारण चुकलं. पंप विसरतोय हे तर खरं आहे ना? मग पुन्हा बघ."

मी उत्तर सांगितलं नाही, कारण मलाही ते माहीत नव्हतं. दोघी खपत बसलो. शेवटी तिलाच सापडलं. डोसची नोंद मेमरीत जायच्या आतच पंप बंद होऊन चालू होत होता. "मॅडम, हे बघा, हे बघा ना!" म्हणून ती अशी ओरडली, की शेजारच्या विभागातले लोक उठून आले. दादा, माझ्या स्वतःच्या कुठल्याच डिझाइननं मला तेवढा आनंद दिला नव्हता.

मी माल थांबवला. सगळे पंप दुरुस्त झाल्यावरच बाहेर गेले. इथवर जयसिंगला ठाऊक आहे. पुढचं त्याला माहीत नाही, आणि तुला सांगायला माझीच जीभ रेटत नव्हती.

संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि उपाध्यक्षपद देऊ केलं. एकच अट. अवनीच्या शेऱ्यात 'बेशिस्त, नापास' असं लिहून मी सही करायची. उशीर का झाला ते ग्राहकाला तिनंच सांगितलं, असा त्यांचा संशय. वर म्हणाले, "एक ट्रेनी गेली, तर तुमचं काय जातं?"

मी म्हटलं, "माझा भाऊ गेला होता, सर."

आपल्या घरात हे कुणी कधी बोलत नाही. तू पुण्यातल्याच एका कारखान्यात शिकाऊ होतास. पत्रा कापायच्या प्रेसचं संरक्षक झाकण काढून पोरांना कामाला लावतात, असं तू बोललास, आणि उद्धट ठरवून तुला हाकललं. मी शाळेत होते. तू तुमसरच्या घराच्या दारात पिशवी घेऊन उभा होतास आणि आई विचारत होती, "बोललासच कशाला?" पुढे तू विजेच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान टाकलंस आणि मला इंजिनिअर केलंस. त्या अख्ख्या कारखान्यात एकही इंजिनिअर तुझ्या बाजूनं उभा राहिला नाही. एकसुद्धा.

मी सही केली नाही. म्हटलं, "ते पद दुसऱ्या कुणाला द्या. पोरं माझ्याकडे द्या." बाई आपल्या हातानं शिक्षा मागून घेतेय असं त्यांना वाटलं असावं. लगेच हो म्हणाले. अवनीचा खरा शेरा मी लिहिला. ती पास झाली, नोकरीला लागली. तिथेही भांडतच असेल.

आता माझ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते, चहा प्यायचा, आणायचा नाही. शंका आली तर भर बैठकीत विचारायची, मी शेजारी बसलेली असेन. परवा संचालक एकाला मध्येच तोडायला लागले. मी म्हटलं, "सर, त्याचं संपू द्या." तोंड कडू करून बसले, पण शेवटपर्यंत ऐकलं.

इथे काही जण मला 'बिचारी' म्हणतात. म्हणू देत. तू मात्र म्हणायचं नाहीस. मोठ्या खुर्चीसाठी मला शिकवलं असशील, तर खुशाल राग धर. पण तसं नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुलाही.

दसऱ्यानंतर नवी मुलं येतील. मोटार उघडून तिचं पोट दाखवणारा माणूस मला हवाय, आणि तो तूच. नाही म्हणालास तरी तिकीट काढणार आहे. एका फाटकातून तुला बाहेर काढलं होतं ना? आता या फाटकातून मी तुला हाताला धरून आत नेणार आहे. बघू कोण अडवतं.

तुझ्याच हट्टाची,
कल्याणी